घरातल्या माराबद्दल लिहिताना काळा विनोद : या चुका टाळा

गेली काही वर्षं मी दिवाळी अंकासाठी येणारं आत्मकथनपर लेखन वाचते. दरवर्षी त्यात पाच-सहा लेख असे असतात, की लहानपणी आईच्या किंवा वडिलांच्या हातून सोसलेला मार, उपाशी ठेवणं, कोंडून घालणं याची हकिकत विनोदी अंगाने सांगितलेली असते. लिहिणाऱ्याच्या धाडसाबद्दल मला आदरच वाटतो. तरी बऱ्याचदा लेख फसतो, आणि फसण्याची कारणं दरवर्षी तीच असतात. बाबांबद्दल लिहायला घेतलं तेव्हा यातल्या निम्म्या चुका मीही केल्या आहेत.

विनोद करू नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी पोटात गोळा येतो, तिथल्या मुलांना विनोद सुचतातच. रात्री पांघरूण डोक्यावर ओढून भावंडं खुसखुसतात, ते हसू खरं असतं. ते गाळलं तर हकिकत अर्धी राहते. म्हणून लेख हातात आला की मी एवढंच बघते : यातला विनोद त्या पांघरुणाखालचा आहे, की मारणाऱ्याच्या तोंडचा?

मारणाऱ्याचे शब्द उसने घेणं

सगळ्यात जास्त लेख इथे फसतात. मुलांना मारण्यासाठी मराठीत किती गमतीदार शब्द आहेत बघा. धम्मकलाडू, चापटपोळी, प्रसाद, चौदावं रत्न, पाठ मऊ करणं, पूजा बांधणं. सगळे शब्द खाण्याचे, देवाचे, कौतुकाचे. हे शब्द मारणाऱ्याच्या बाजूने घडलेत. आपण ते लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे लिहायला बसलं की तेच आधी हाताशी येतात आणि लेख आपोआप 'मिस्कील' वाटायला लागतो.

एका लेखात वाक्य होतं, 'त्या रात्री बाबांनी मला पोटभर धम्मकलाडू खाऊ घातले.' मी लेखिकेला फोन केला आणि विचारलं, नक्की काय झालं होतं? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, पट्ट्याचं बक्कल लागलं होतं, कानामागे तीन टाके पडले. डॉक्टरांना काय सांगितलंत, विचारलं. "झोपाळ्यावरून पडले म्हणून सांगितलं. आमच्याकडे झोपाळा नव्हता. आणि डॉक्टर आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायचे."

मी म्हटलं, हेच लिहा. असंच, या क्रमाने.

लाडवाच्या वाक्यात वाचक हसतो आणि पुढे जातो. झोपाळ्याच्या वाक्यातही ओठ हलतात, पण पुढे जाता येत नाही, कारण डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी केसपेपरवर झोपाळा लिहिला, हे लक्षात येतं. हा विनोद त्या मुलीचा आहे. तिने तो डोळ्यांनी पाहिलेला आहे.

उसन्या शब्दांचा धोका आपल्याकडे जास्त आहे, कारण आपला वाचकही बहुधा मार खाल्लेलाच असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांवरच्या अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यांतल्या ६९ टक्के मुलांनी शारीरिक मार सोसल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ ८९ टक्क्यांना मारणारे आई-वडीलच होते. अशा वाचकापुढे 'धम्मकलाडू' ठेवला, की तो लगेच म्हणतो, आमच्याकडेही असंच होतं हो, म्हणून तर आम्ही घडलो. तुमची हकिकत त्याच्या ठरलेल्या खणात जाऊन पडते.

यावर मी एक उपाय सांगते. लिहिण्याआधी स्वतःला विचारा, ही गोष्ट आजवर घरात कोण सांगत आलं? बरेचदा ती मारणाऱ्यानेच लग्नकार्यात, पंगत उठल्यावर, पान खाताना सांगितलेली असते. 'हा एवढा द्वाड होता, एकदा असा हाणला की दोन दिवस बसता येईना.' सगळे हसतात. तुमच्या लेखातलं हसू या सांगण्यातून आलेलं असेल तर ते काढा. किंवा ते सांगणंच लिहा : पंगत कोणाची होती, कोण किती हसलं, आणि तुम्हीही हसलात, कारण न हसण्याचे परिणाम तुम्हाला माहीत होते.

'ते' आणि 'तो'

वडिलांना अहो-जाहो करणाऱ्या घरातला लेखक रागाच्या भरात मध्येच 'तो' वर येतो. 'बाबा घरी आले. त्याने दार लावलं.' एखाद्या ठिकाणी हे मुद्दाम केलेलं शोभतं, पण बहुतेक वेळा तो आजच्या माणसाचा संताप असतो आणि लेखातलं मूल तेवढ्यापुरतं गायब होतं. मूल लहानपणी जे म्हणायचं तेच ठेवा. 'बाबांनी मला पट्ट्याने मारलं, मग हातपाय धुऊन ते पूजेला बसले.' या वाक्यात आदरार्थी क्रियापद जागच्या जागी आहे, आणि अंगावर येतं ते तेच. वेगळा विनोद करावा लागत नाही.

आईबद्दल लिहिताना तर भाषाच पुढ्यात वाढून ठेवते. आपल्याकडे लागलं की तोंडातून 'आई गं' निघतं. आईच मारत असली तरी तेच निघतं. एका मुलाने हे एवढंच लिहिलं होतं आणि खाली दोन ओळींत स्पष्टीकरण दिलं होतं. स्पष्टीकरण मी काढायला लावलं.

टाळी घेणारं शेवटचं वाक्य

दुखऱ्या जागी आलं की चटकन एक चुटका टाकून परिच्छेद संपवायचा, ही सवय बहुतेकांना असते. मला ती कळते. लहानपणी विषय बदलण्यासाठी हेच केलेलं असतं, आणि त्याने त्या वेळी वाचवलेलंही असतं. लेखात मात्र त्यामुळे नेमकं काय घडलं ते कधीच कळत नाही.

यासाठी मी असं करायला सांगते : प्रसंग आधी पोलिसांत जबाब द्यावा तसा लिहून काढा. कुठली खोली, किती वाजले होते, हातात काय होतं, घरात आणखी कोण होतं, किती वेळ चाललं, नंतर जेवायला काय होतं. एकही उपमा नको. तो कागद दोन दिवस बाजूला ठेवा. परत वाचताना त्यातला कुठला तपशील स्वतःच विचित्र, विसंगत वाटतो ते बघा. तुमचा विनोद तिथे आहे. चुटका काढला की प्रसंगच उरत नाही असं झालं, तर तो प्रसंग अजून लिहिलेलाच नाही असं धरा.

कथाकथनाची सवय असलेल्यांनी जरा जास्त जपावं. मंडळात, कट्ट्यावर वाचून दाखवलं की लोक कुठे हसतात ते कळतं, आणि पुढच्या वेळी आपण नकळत तीच जागा फुलवतो. तीन-चार वाचनांत बापाचा मार हा एक आयटम होऊन बसतो. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत कोणालाही वाचून दाखवू नका.

स्वतःच्या लहानपणाला हसणं

'मी पण इतका बावळट, की पुन्हा तीच चूक करायचो.' अशी वाक्यं मी प्रत्येक लेखात खोडते. सहा वर्षांच्या मुलाने दूध सांडलं, ही चूक होती हे कोणी ठरवलं? मारणाऱ्याने. मोठेपणी आपण तेच पुन्हा म्हणतो आणि त्याला स्वतःवर हसण्याची दिलदारी समजतो. ते मूल एकटं होतं. निदान लिहिणाऱ्याने तरी त्याच्या बाजूने उभं राहावं.

मुलाचं भाबडेपण दाखवणं आणि त्याला हसणं यातला फरक बघायचा असेल, तर अमेरिकेतल्या जेनेट मकर्डीचं ऑगस्ट २०२२ मध्ये आलेलं 'आय ॲम ग्लॅड माय मॉम डाइड' हे आत्मकथन सुरुवातीपासून वाचावं. मकर्डी टीव्हीवरची बालकलाकार होती. तिची आई तिला वयाच्या अकराव्या वर्षापासून मोजून-मापून कमी खायला शिकवत होती. २०१३ साली आई कर्करोगाने गेली. पुस्तक उघडतं ते दवाखान्यात. आई कोमात आहे, भावंडं एकेक करून तिच्या कानात आपापली आनंदाची बातमी सांगताहेत, म्हणजे ती डोळे उघडेल. मकर्डी सांगते, माझं वजन आता ८९ पौंडांवर आलंय. म्हणजे साधारण ४० किलो. आई जागी होईल तर या बातमीनेच, अशी तिची खात्री आहे.

इथे लेखिका 'किती वेडी होते मी' असं कुठेही म्हणत नाही. ती त्या मुलीची खात्री तशीच ठेवते. आपण हसायला तोंड उघडतो आणि ते तसंच राहतं. शीर्षकाचंही तसंच आहे. नुसतं ऐकलं तर क्रूर वाटतं, पण आत प्रकरणामागून प्रकरणं त्याची किंमत चुकवलेली आहे. आपल्याकडचे काही लेख शीर्षकातच असा धक्का देतात आणि आत त्याला आधार देणारा एकही प्रसंग नसतो. शीर्षक शेवटी ठरवा.

बापाचं व्यंगचित्र

दारू प्यायलेल्या बापाला गावरान बोलीत बोलवून हशा मिळवणं मला फार खटकतं. त्यात हसं होतं ते बोलीचं, गरिबीचं, कधी जातीचंही. मारणं बाजूलाच राहतं. इंजिनिअर बाप प्रमाण मराठीत बोलत मारतो तेव्हा त्याच्या भाषेला कोणी हसत नाही. शिवाय नुसता राक्षस रंगवला तर वाचक घाबरत नाही. त्याच हातांनी संत्रं सोलून, पांढऱ्या शिरा काढून फोडी दिल्या होत्या, हेही लिहिलं तर घाबरतो.

लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगात, त्या कृत्याच्या वर्णनात विनोद नको, असं माझं स्पष्ट मत आहे. आजूबाजूच्या नातेवाइकांची कुजबुज, 'घरातली गोष्ट घरात' म्हणणाऱ्या मावश्या, यांबद्दल मात्र हवं तेवढं धारदार लिहा.

आणि लिहिताना झोप उडाली, हात थरथरले, तर लेख बाजूला ठेवा. अंकाची मुदत पुढे ढकलता येते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

भावंडांना न विचारणं

तुम्हाला जे सांगून मोकळं व्हायचंय, ते तुमच्या बहिणीने कदाचित नवऱ्यालाही सांगितलेलं नसेल. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर तिच्या लेखी संमतीशिवाय तिची ओळख छापणं हा गुन्हा आहे. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. त्यात 'लिहिलं ते खरं आहे' एवढं म्हणून भागत नाही, ते लोकहिताचं आहे हेही दाखवावं लागतं. आई-वडील हयात नसले तरी नातेवाईक तक्रार करू शकतात. पुस्तक काढणार असाल तर वकिलाला एकदा दाखवाच.

पण कायद्याच्याही आधी भावंडं. बाबांवरच्या माझ्या लेखात एक प्रसंग होता. बाबांची स्कूटर आली की आम्ही स्टँडचा आवाज ऐकायचो. एका दणक्यात लागला तर संध्याकाळ बरी. दोन-तीनदा लाथ बसली, की माझी धाकटी बहीण धावत जाऊन देवघरासमोर बसायची आणि मोठ्याने मनाचे श्लोक म्हणायची, कारण देवासमोर बाबा हात उचलत नसत. चौथीत जाईपर्यंत तिचे दोनशे पाच श्लोक पाठ झाले. वाडीतल्या बायका म्हणायच्या, किती गुणी पोर. गणेशोत्सवात पाठांतराचं पहिलं बक्षीस तिला मिळालं, आणि ते बाबांच्या हस्ते दिलं गेलं.

माझ्या मते लेखातली सगळ्यात काळी आणि सगळ्यात चांगली जागा हीच होती. मी तिला लेख वाचायला दिला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, बक्षिसाचं राहू दे. पण बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा मला खूप आनंद झाला होता, तेही घाल."

मी ते वाक्य तिच्याच शब्दांत घातलं आणि त्यानंतर आलेला माझा शेवटचा परिच्छेद काढून टाकला.