दसऱ्याचं कुंकू पुसा, मग नळी धुवा: आज्याच्या रायफलीची सफाई

मागच्या दसऱ्याला एका पाहुण्याकडं सोनं द्यायला गेलो तर पाटावर रायफल मांडलेली, वर झेंडूचा हार, नळीवर हळदीकुंकवाची पाच बोटं, आणि ती रायफल तशीच दुसऱ्या दिवशी सांजच्यापर्यंत पाटावर. म्हणलं दाजी उचला आता, त्यांनी फडक्यानं कुंकू पुसलं तर खाली पाचही बोटांचे तांबडे ठसे उमटलेले, पुसले तरी जाईनात. पूजा करा की, कोण नको म्हणतंय, फक्त त्याच रात्री ओल्या फडक्यानं पुसा, कोरडी करा, वरून तेलाचा हात मारा. ओला झेंडू तर लोखंडावर ठेवूच नका, दस्त्यावर ठेवा.

तिथंच दाजी म्हणले की बाबा सगळंच नीट लिहून दे, म्हणून हे लिहायलोय. आमच्या परभणी-हिंगोलीकडं ज्यांच्या घरात आज्याच्या नावची ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रायफल आहे त्यांच्यासाठी. सैन्याची ३०३ प्रतिबंधित बोअर, ती साध्या लायसन्सवर मिळत नाही, म्हणून बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात त्याच ली-एनफिल्ड नावाच्या फौजी रायफलीच्या बॉडीवर सिव्हिल लोकांसाठी ३१५ काढली. म्हणजे आपली रायफल निम्मी फौजीच आहे, आणि सफाईची फौजी पद्धतच तिला लागू पडते.

आधी एक समजून घ्या. जुनी रायफल गोळ्या मारून खराब होत नाही, मारल्यावर तशीच ठेवून खराब होते. जुन्या काडतुसाच्या बुडाची जी टोपी असते तिच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते उडालं की मागं पोटॅशियम क्लोराईड राहतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. हे मीठ नळीभर बसतं आणि हवेतलं पाणी ओढत राहतं. एप्रिलात आपल्याकडं हवा इतकी कोरडी की काही कळत नाही, पण मृग लागला आणि हवा दमट झाली की आठ दिवसात नळी आतून तांबडी. लोक काय करतात, गोळी मारली की नळीत शिलाई मशीनचं तेल सोडतात आणि निवांत झोपतात. अहो लोणच्यावर तेल ओतलं तर मीठ जातं का कुठं? तेलात मीठ विरघळत नाही, रॉकेलमधी नाही, डिझेलमधी पण नाही. ते फक्त पाण्यानं जातं. आपली गोळी तसल्या मसाल्याची आहे की नाही हे खोक्याकडं बघून कळत नाही, म्हणून जुन्या गोळीला खारीच समजायचं आणि धुवायचंच.

आता धुवायचं कसं. सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे का बघा, मॅगझिन काढा, बोल्ट (काडतुसामागं नळी बंद करणारा लोखंडी दांडा) मागं ओढा, डोळ्यानं बघा आणि वरून बोट घालून पण बघा, अंधारात डोळा फसतो बोट फसत नाही. पोरंबाळं आणि काडतुसं दोन्ही दुसऱ्या खोलीत. मग बोल्ट पूर्ण मागं घेऊन त्याचं पुढचं डोकं वरच्या बाजूला उचललं की कट करून सुटतं आणि बोल्ट मागून बाहेर येतो. हे डोकं आट्यावर बसलेलं असतं, परत बसवताना ते पूर्ण आवळलेलं पाहिजे, एक फेरा ढिला राहिला तर बोल्ट बसायला कुरकुरतो आणि माणूस ठोकाठोकी सुरू करतो. ठोकू नका. आणि दोन भावांच्या दोन रायफली असतील तर एकाच सतरंजीवर दोन्ही खोलू नका, बोल्ट ज्याचा त्यालाच, बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे का तेवढं बघा.

पाणी लिटरभर बास, टँकर मागवायची गरज नाही. पण बोअरचं नको. आमच्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉईलवर पांढरी खपली धरती, तीच नळीत धरणार, म्हणून जारचं नाहीतर पावसाचं गाळलेलं घ्या. चहासारखं खळखळ उकळा. नळीचं तोंड खाली बादलीत, मागून जिथं काडतूस बसतं तिथून नरसाळ्यानं हळूहळू ओता, पाणी लाकडात शिरू नये म्हणून दस्त्याला जुना टॉवेल गुंडाळा. इंग्रजांच्या फौजेत यासाठी खास नरसाळंच मिळायचं, आपल्याला घरातलं तेलाचं चालतं, फक्त घरच्यांना विचारून घ्या. उकळतं कशाला, तर लोखंड तापतं आणि उरलेलं पाणी आपोआप वाळून जातं. नळी चटका देती, हाताला फडकं घ्या. बोल्टचं तोंड पण त्याच पाण्यात बुचकळा, मीठ तिथं पण असतं आणि ते सगळे विसरतात.

मग चिंध्या. फौजी माणूस याला चिंदीच म्हणतो, चार इंच बाय दोन इंच हे जुनं ठरलेलं माप. दुकानातून आणायची गरज नाही, धुऊन मऊ झालेल्या धोतराचा तुकडा एक नंबर, नायलॉनचं घेऊ नका, ते पाणी शोषत नाही. कोरड्या चिंध्या एकामागं एक घाला, पांढरी बाहेर येईपर्यंत. काजळी हटत नसेल तर पितळी ब्रश मारा, पण मागून पुढं. पुढून गज खुपसत बसलात तर नळीचं तोंड घासतं, आणि गोळी शेवटी त्या तोंडातूनच सुटते, तिथं एका बाजूला झिजलं की नेम गेलाच. जुन्या फौजी रायफलीत फुलथ्रूच्या, म्हणजे नळीतून चिंदी ओढायच्या दोरीनं घासून घासून तोंडाला खाच पडलेली बघायला मिळती, म्हणून दोरी ओढताना ती सरळ ओढा, विहिरीवर पोहरा ओढल्यासारखी काठाला घासून नको.

शेवटची चिंदी तेलाची, नुसती ओलसर, निथळणारी नको. मशीनचं पातळ तेल चालतं. खोबरेल लावू नका, थंडीत थिजतं आणि बोल्टच्या स्प्रिंगमधी गोळा होऊन बसतं, डिसेंबरात पिन आळसावून पुढं येती. आता बोल्टच्या जागी अंगठ्याचं नख धरा, त्यावर उजेड पडू द्या आणि पुढून नळीत बघा. आरसपानी दिसली तर चांगलं, देवीच्या व्रणासारखे खड्डे दिसले तर ते आता भरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात.

दस्त्याला जवसाचं तेल. आपल्याकडंच पिकतं, घाण्यावरचं आणा, चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळा आणि जास्तीचं पुसून काढा, नाहीतर चिकट थर बसतो. आणि हे नीट ऐका, जवसतेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, ते तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर काय बोलायलाच नको. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून टाका.

आता काडतुसं. आपण काय करतो, रायफल देवघरात आणि काडतुसं युरियाच्या खोलीत. युरियाचं पोतं ओल खाल्लं की जो डोळ्याला झोंबणारा वास येतो तो अमोनिया, गोठ्यात मुताचा येतो तो पण तोच. काडतुसाचं कवच पितळेचं, आणि पितळेचं आणि अमोनियाचं वैर आहे. इंग्रजांच्या फौजेला हे आपल्याच देशात कळलं, पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं वापरायला काढली तर कवचं आपोआप तडकलेली, कारण कितीतरी वर्षांनी १९२१ साली नीट उलगडलं. म्हणून काडतुसं घरात, कोरड्या डब्यात, कुलपात. पितळ चमकवायचं पॉलिश पण त्यांना लावू नका, बऱ्याच पॉलिशात अमोनियाच असतो. हिरवा गंज चढलेलं, गळ्याला चीर गेलेलं काडतूस वापरूच नका, लायसन्सवाल्या डीलरला नाहीतर ठाण्याला विचारून जमा करा. घोडा ओढला आणि वाजलंच नाही, तर रायफल तशीच सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, उशिरा पण उडतं.

आणि एक माणूस दरवेळेस विचारतोच, रिकामी कवचं घरी भरता येतात का. नाही. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ खाली लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी फौजी रायफलीची काडतूस बसायची जागा मुद्दाम ऐसपैस ठेवलेली, चिखल लागलेली गोळी पण आत जावी म्हणून, त्यामुळं उडताना कवच बुडाजवळ ताणून पातळ होतं. ते परत भरलं की बुड तुटून वेगळं, आणि गरम गॅस बोल्टच्या बाजूनं थेट तोंडावर. दोनशे रुपयांसाठी डोळा घालवू नका.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. आमच्या आज्याचं म्यान लई देखणं, अजून खुंटीला आहे, पण चामडं ओल धरतं, त्यात कमावतानाचं मीठ असतं. रायफल उघडीच, कपाटात कुलपात, तोंड खाली करून उभी करा म्हणजे नळीतलं तेल लाकडात मुरत नाही.

इलेक्शनच्या आचारसंहितेत जमा करावी लागती तेव्हाचं वेगळं. एकदा माझी दोन अडीच महिने जमा होती, परत आली तर बोल्टवर बोटाएवढा गंज, भिंतीला ओल असलेल्या खोलीत टेकवून ठेवलेली. भांडून काय उपयोग. आता जमा करायच्या आदल्या रात्री आतून बाहेरून ग्रीसचा जाड थर देतो, पावतीवर बॉडी नंबर स्वतः वाचून घेतो आणि मोबाईलमधी चार फोटो. परत आल्यावर ग्रीस पूर्ण काढायचं, नळीत कोरडी चिंदी फिरवल्याशिवाय गोळी घालायची नाही, ग्रीस भरलेल्या नळीतून गोळी मारली तर दाब वाढतो.

धुतलेल्या रायफलीत तिसऱ्या दिवशी परत एक कोरडी चिंदी घाला. पांढरी आली तर तेल लावून ठेवा. तांबूस आली तर कुठंतरी मीठ राहिलंय, परत पाणी उकळायला ठेवा.