पुरुषांनी प्रोजेस्टेरॉन घेण्याआधी काय बघायचं

प्रोजेस्टेरॉन बायकांचंच हार्मोन असं बरेच जण धरून चालतात, पण पुरुषांच्या अंगातही अॅड्रिनल ग्रंथी आणि वृषणं ते थोडंफार बनवतात. इंदूरच्या जिममध्ये कुणीतरी भिया सांगतो की हे घेतलं की टेस्टोस्टेरॉन वाढतं. होतं उलटं! बाहेरून मोठा डोस गेला की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच (वृषणांना कामाला लावणारी दोन हार्मोन्स) सोडणं कमी करते, वृषणांना कामाचा हुकूमच पोचत नाही, मग टेस्टोस्टेरॉन खाली, इच्छा कमी, ताठरपणाची बोंब आणि शुक्राणूही घटतात. पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक जेलच्या चाचण्यांत नेस्टोरोन नावाचं प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं बनवलेलं औषध) याचसाठी वापरलंय, वरून टेस्टोस्टेरॉन वेगळं देतात. तेव्हा घरात पाळणा हलायची वाट बघताय तर यापासून लांबच राहा.

आधी स्ट्रिपवरचं नाव वाचा, ब्रँड नव्हे, खालचं बारीक अक्षर. औषधांच्या बाजारात सगळ्यालाच 'हार्मोनच्या गोळ्या' म्हणतात पण फरक मोठा आहे. मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कण केलेल्या) प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल पोटातून घेतली की झोप येते, कारण त्यापासून बनणारं अॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदू शांत करणाऱ्या गाबा नावाच्या यंत्रणेवर काम करतं, म्हणून ती रात्री घ्यायची, वर दारू नको आणि नंतर गाडी तर नकोच. काही ब्रँडमध्ये शेंगदाणा तेल असतं, अॅलर्जीवाल्यांनी बघून घ्या. मेजेस्ट्रॉल हे प्रोजेस्टिन वेगळं, ते कॅन्सरच्या पेशंटला भूक लागावी म्हणून देतात, त्याने शुगर वाढू शकते, रक्ताच्या गाठी होऊ शकतात, आणि ते अॅड्रिनलमधून येणारं कॉर्टिसोल हे गरजेचं हार्मोनही दाबतं म्हणून बरेच दिवस चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. सायप्रोटेरॉन हे आणखी एक प्रोजेस्टिन प्रोस्टेट कॅन्सरमध्ये वापरतात, तिथे टेस्टोस्टेरॉनचा असर दाबणं हाच हेतू असतो.

डॉक्टरांनी खरंच लिहून दिलं असेल तर सुरू करायच्या आधीच सकाळी टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच करून ठेवा, दुपारी नको, सकाळी पातळी जास्त असते. रिपोर्ट जपून ठेवा, पुढे तुलना करायला तोच लागतो.

केसांसाठी प्रोजेस्टेरॉनची क्रीम चोळणारेही आहेत. त्याचा पक्का पुरावा नाही, आणि न धुतलेला हात पोरांना लागला तर औषध त्यांच्या अंगात जाऊ शकतं.

छाती दुखली, दम लागला किंवा एकच पाय सुजून दुखायला लागला तर गुगल करत बसू नका, सरळ इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि स्ट्रिप सोबत न्या. औषध बंद केल्यावर शुक्राणू बहुतेकदा परत येतात पण एक खेप तयार व्हायलाच साधारण अडीच महिने जातात, पुढच्याच आठवड्यात टेस्ट करून घाबरू नका.