समुद्री टाकीत न बोलावता आलेले जीव

लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत जीवजंतू असलेला समुद्री दगड, खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यटाकीत ठेवला की त्याच्या भोकांतून काही ना काही बाहेर येतंच. घाबरून दगड उकळायला मात्र कधीही घेऊ नका. त्यावर झोअँथिड (प्रवाळांसारखे छोटे जीव) असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे जहाल विष श्वासात जाऊ शकतं.

आधी ओळख पटवा. दिवे मालवून तासाभराने लाल उजेडाच्या टॉर्चने पाहा. यातले बरेच जीव अंधारातच फिरतात. ब्रिसल वर्म हा केसाळ किडा दिसला तर बहुतेक वेळा राहू द्यावा, उरलंसुरलं अन्न तोच संपवतो. उघड्या हाताने धरू नका एवढंच, त्याचे बारीक काटे बोटात रुततात.

खरी डोकेदुखी आयप्टेशिया या छोट्या समुद्रफुलाची (सी अ‍ॅनिमोनी). तपकिरी, अर्धपारदर्शक, लांब देठावर बारीक शुंडकांचा झुबका. तो खरवडू नका, चिरडूही नका, कारण मागे राहिलेल्या कणातून नवा उगवतो. पंप बंद करा, कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने अगदी हळू त्याच्या तोंडावर सोडा. जोरात सोडलीत तर तो झटकन भोकात शिरतो. पेस्ट दाहक असते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. एका वेळी दोन-तीनच घ्या, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो. पेपरमिंट कोळंबी त्यांना खाते, पण प्रत्येक कोळंबी खाईलच असं नाही. बर्गिया ही समुद्री गोगलगाय मात्र आयप्टेशियावरच जगते.

रात्री टकटक आवाज येत असेल तर मँटिस श्रिंप किंवा पिस्टल श्रिंप या कोळंबीसारख्या शिकारी जिवांचा संशय घ्या. दगड बाहेर काढून तो लपलाय त्या भोकात जास्त खारट पाणी सोडलं की तो सहसा बाहेर पडतो.