सोलापुरी उन्हाळ्यातले ताक

पारा ४० अंशांच्या वर गेला की सोलापुरात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणीसोबत ताक लागतेच. मात्र आयुर्वेदाने तक्र म्हटले ते दह्यात चौथा हिस्सा पाणी घालून रवीने घुसळलेले असते, तर निम्मे पाणी घातलेल्याला उदश्वित् म्हणतात. दही नीट विरजलेले, ताजे घ्यावे आणि घुसळून वर आलेले लोणी काढून घ्यावे. वातासाठी आंबट ताकात सैंधव, पित्तासाठी गोड ताकात साखर आणि कफासाठी सुंठ, मिरी, पिंपळी घालावी. गंमत अशी की, ग्रहणी (पचन बिघडून वारंवार जुलाब होण्याचा विकार) व अर्श (मूळव्याध) यांत ताकाची थोरवी सांगणारे हेच शास्त्र उष्णकाळी, जखमी, दुर्बळ आणि रक्तपित्ताच्या (नाक, तोंड इत्यादींतून रक्त जाण्याच्या विकाराच्या) रुग्णांना ते वर्ज्य सांगते. म्हणून भर उन्हाळ्यात आंबट ताक टाळून ताजे, पातळ ताक जिरेपूड घालून दुपारच्या जेवणासोबतच घ्यावे.