जुनी फ्रेंच रेसिंग सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना

फ्रेंच सायकल खोलायला घेतली की पहिला झटका मापांचा बसतो. आपल्याकडच्या रोडस्टर सायकली इंग्रजी वळणाच्या, त्यामुळे नाक्यावरच्या दुकानातला कप (क्रँकच्या आसाचे छर्रे धरणारी आट्यांची वाटी), स्टेम (हँडल धरणारा भाग) किंवा पेडल या सायकलला ‘जवळजवळ’ बसतं. हे जवळजवळच घात करतं. ताकद लावून बसवलेला कप फ्रेमचे आटे घेऊन जातो आणि मग आयुष्यभर डोकेदुखी.

इथे उदाहरण म्हणून प्यूजो पीएक्स-१० घेतो, साधारण १९७० च्या आसपासची. रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांची फ्रेम, त्या नळ्या जोडणारे नेर्व्हेक्सचे नक्षीदार लग, बहुतेकदा पांढरा रंग. बर्नार तेव्हनेने १९७५ साली टूर द फ्रान्स जिंकली ती प्यूजोच्याच संघातून. मोटोबेकान किंवा जितान यांसारखी दुसरी फ्रेंच सायकल हाती लागली असेल तरी पद्धत हीच, फक्त मापं तपासून घ्या.

आधी साल ठरवा

काळाला धरून भाग लावायचे तर कोणता काळ, हे आधी नक्की हवं. सायकल जशी मिळाली तशी, धुळीसकट, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. केबल कुठून कशी वळते, वॉशर कोणत्या क्रमाने आहेत, हे नंतर त्या फोटोंतच सापडतं. मग जुने कॅटलॉग पाहा; प्यूजोच्या बऱ्याच वर्षांच्या कॅटलॉगचे स्कॅन इंटरनेटवर मिळतात. रंग, स्टिकर आणि भागांची यादी जुळवली की एक-दोन वर्षांच्या फरकाने साल लागतं.

त्या काळच्या पीएक्स-१० वर साधारण हे दिसतं: स्ट्राँगलाइट ९३ क्रँक (पेडल लावायचे दांडे), ५२ आणि ४५ दातांच्या चेनरिंग, सिम्प्लेक्सचे डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारे भाग), माफाकचे सेंटरपुल, म्हणजे केबल मधोमध ओढणारे ब्रेक, नॉर्मंडीचे हब, लिओतारची पेडल. सगळा माल फ्रान्समधलाच. सिम्प्लेक्स दिजोंचं, माफाक क्लेर्मों-फेराँचं, स्ट्राँगलाइट सेंतेत्येनचं.

इटलीतल्या ल’एरोइकासारख्या जुन्या सायकलींच्या राइडमध्ये उतरायचं असेल, तर तिथला नियम सोपा आहे: सायकल १९८७ पूर्वीची, गिअरचे लिव्हर डाउन ट्यूबवर (हँडलखालून क्रँककडे उतरणारी नळी), पेडलला टो-क्लिप (पायाचा पंजा धरणारी कडी), ब्रेकच्या केबल उघड्या. एवढ्यावर भागत असेल तर प्रत्येक नटबोल्टमागे धावायची गरज नाही.

मग कॅलिपर हातात घ्या

एकही भाग विकत घेण्याआधी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. फ्रेंच मापं अशी:

बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस जिथे फिरतो तो भाग): ३५ मिमी, १ मिमी पिच (लगतच्या दोन आट्यांतलं अंतर). इंग्रजी १.३७ इंच, म्हणजे ३४.८ मिमी.
हेडसेट (हँडल वळवणारं फ्रेमच्या तोंडाचं बेअरिंग): २५ मिमी, १ मिमी पिच. इंग्रजी २५.४.
स्टेमचा दांडा: २२.० मिमी. इतरत्र २२.२.
हँडल, स्टेमच्या पकडीत: २५.० मिमी.
सीटपोस्ट: ५३१ च्या फ्रेमला सहसा २६.४ मिमी.
सीट ट्यूब आणि डाउन ट्यूब: बाहेरून २८ मिमी. इंग्रजी २८.६, म्हणून पुढच्या डिरेलरचा पट्टाही वेगळा.
फ्रीव्हील: ३४.७ मिमी, १ मिमी पिच.
पेडल: १४ मिमी, १.२५ पिच. दांड्याच्या टोकावर डी म्हणजे उजवं आणि जी म्हणजे डावं.

गंमत म्हणजे या मेट्रिक हट्टातही छर्रे मात्र इंचातलेच. बॉटम ब्रॅकेटमध्ये पाव इंचाचे, एका बाजूला ११. मागच्या हबमध्येही पाव इंचाचे, एका बाजूला ९. छर्रे जुने वापरू नका, नवे स्वस्तात मिळतात.

खोलताना

क्रँक काढायला आजचा २२ मिमीचा पुलर चालत नाही. स्ट्राँगलाइटला २३.३५ मिमीचा लागतो. टीए या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या क्रँकचा २३ मिमीचा पुलर थोडा आत जातो आणि जोर दिला की आटे सोलून बाहेर येतो. योग्य पुलर मागवा आणि तो येईपर्यंत थांबा. पुलर लावण्याआधी बोल्टखालचा वॉशर निघाला आहे ना, तेही बघा.

खरी कसोटी उजव्या बाजूच्या फिक्स्ड कपाची. इंग्रजी सायकलवर हा कप उलट्या आट्यांचा असतो. फ्रेंचवर दोन्ही बाजूंना सुलटे, म्हणजे उजवा कपही घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की सुटतो. पण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही प्यूजो आणि मोटोबेकानवर स्विस आटे आहेत: माप तेच ३५ × १, उजवा कप मात्र उलटा. आधी दोन दिवस पेनिट्रेटिंग तेल सोडा, मग डावा कप काढून आत उजेड टाका आणि उजव्या कपाच्या आट्यांचा कल दिसतो का पाहा. नाही समजलं तर दोन्ही दिशांना बेताने जोर लावून बघा.

कपाचं विशेष साधन नसेल तर एक युक्ती आहे. कपाच्या भोकातून जेमतेम जाईल असा जाड बोल्ट घ्या. एक वॉशर कपाच्या बाहेर, एक आत, आणि नटने कप मधे घट्ट आवळा. आता सुलट्या आट्यांच्या फ्रेंच कपासाठी बाहेरून फिरवू नका, नाहीतर बोल्टच सुटेल. डाव्या बाजूने शेलमधून (कप ज्यात बसतात ती फ्रेमची नळी) लांब सॉकेट आत घाला आणि आतलं टोक घड्याळाच्या दिशेने फिरवा. आधी बोल्ट आणखी आवळतो, मग कप हलतो. स्विस कप असेल तर बाहेरचं टोक घड्याळाच्या दिशेने फिरवा.

सीटपोस्ट अडकला असेल तर तेल आणि संयम. अॅल्युमिनियम आणि पोलाद वर्षानुवर्षं एकत्र राहिले की चिकटतात. रंग वाचवायचा असेल तर गॅसचा बर्नर दूर ठेवा.

रंगाला हात लावू नका

फ्रेमला नवा रंग मारण्याच्या मी ठाम विरोधात आहे. ओरखडे असोत, टवके उडालेले असोत, मूळ रंग एकदाच असतो. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, मग मोटारीचं वॅक्स. स्टिकरवर थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको.

क्रोमवरचा वरवरचा गंज अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. पोलादी बारीकसारीक भागांसाठी ऑक्झॅलिक अॅसिड: बादलीभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे, रात्रभर बुडवून ठेवा, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून लगेच पुसून तेल लावा. हे विषारी आहे. हातमोजे हवेत आणि मुलं दूर. क्रँक, हबसारखे अॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकायचे नाहीत.

कुठे मूळ भाग, कुठे तडजोड

सिम्प्लेक्स प्रेस्टीजचे डिरेलर डेलरिन या प्लास्टिकचे. लोक त्यांना नावं ठेवतात, पण १९७० च्या सायकलवर तेच शोभतात. फक्त बोल्टच्या आसपास बारीक तडे आहेत का ते भिंगातून बघा आणि बोल्ट आवळताना हात राखा. तडा असेल तर दुसरा शोधा किंवा थोडा नंतरचा, धातूचा सिम्प्लेक्स सुपर एलजे लावा. मागच्या डिरेलरसाठी फ्रेमच्या कानाला नवे आटे पाडून इटालियन कॅम्पाग्नोलो बसवण्याचा मोह टाळा. ते परत पूर्ववत होत नाही.

स्टेमच्या बाबतीत मात्र हट्ट सोडा. एव्हीए कंपनीच्या जुन्या स्टेमचा दांडा खालच्या खाचेपाशी चिरतो, हे जाणकारांत कुप्रसिद्ध आहे. चालवायची सायकल असेल तर तो भिंतीवर टांगा आणि २२.० चा दुसरा बसवा. २२.२ चा दांडा पॉलिश पेपरने सारखा घासून उतरवणारेही आहेत.

केबल, ब्रेकची रबरं आणि टायर नवेच घ्या. माफाकची जुनी रबरं दगडासारखी होतात. कूल-स्टॉप कंपनीची साल्मन (गुलाबी-केशरी) रंगाची रबरं बसतात आणि सायकल खरंच थांबते. पुढचं टोक रिमला जरा आधी टेकेल असा कोन दिला की माफाकची ती प्रसिद्ध किंचाळीही कमी होते. मूळ चाकं ट्युब्युलर टायरची (रिमला चिकटवायचे, ट्यूब आत शिवलेले टायर) असतील तर ती जपून ठेवा आणि रोजच्यासाठी साध्या टायरच्या ७००सी मापाच्या रिमची दुसरी जोडी बांधून घ्या. रिमचा घेर जवळपास तोच असल्याने ब्रेक पोहोचतात. जुन्या चाकाच्या तारा कापायच्या असतील तर आधी फ्रीव्हील काढा. तारा गेल्या की ते पकडायला काही उरत नाही.

जोडताना

सगळ्या आट्यांना ग्रीस लावा. उजवा कप मात्र मनापासून आवळा: सुलट्या आट्यांमुळे पेडल मारता मारता तो हळूहळू सैल होत जातो, आणि इंग्रजांनी तो उलटा केला तो याचसाठी. डाव्या कपाने आसाची ढिलाई अशी जुळवा की क्रँक डुलणार नाही, पण बोटाने ढकलली की सहज फिरेल.

पहिल्या फेरीला गर्दीचा रस्ता नको. परत आल्यावर क्रँकचे बोल्ट, उजवा कप आणि हेडसेट पुन्हा एकदा आवळून बघा, आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही. सैल क्रँक घेऊन घरापर्यंत आलात तरी तिचं चौकोनी भोक कायमचं खराब झालेलं असतं, आणि स्ट्राँगलाइट ९३ ची धड डावी क्रँक सुटी शोधणं सोपं नाही.