ड्रॅगन याटच्या बांधणीचा इतिहास कसा शोधावा

सोलापूरपासून समुद्र दूर असला, तरी शिडाच्या याटच्या एखाद्या जुन्या वर्गात, म्हणजे एकाच आराखड्यावरून बांधलेल्या नौकांच्या गटात, किती नौका, कोठे आणि केव्हा बांधल्या गेल्या, हे येथे बसूनही शोधता येते. सुरुवात ड्रॅगन या वर्गापासून करावी, कारण त्याचे टप्पे स्पष्ट आहेत. नॉर्वेच्या योहान अँकर यांनी १९२९ मध्ये त्याचा आराखडा केला, १९४८ पासून १९७२ पर्यंत तो ऑलिम्पिकमध्ये होता आणि लाकडाऐवजी फायबरग्लास वापरण्यास १९७३ मध्ये परवानगी मिळाली. हे टप्पे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावेत. फायबरग्लासच्या ड्रॅगनपुढे १९६० हे साल आढळले, तर ती नोंद तपासायची आहे हे लगेच कळते.

सर्वाधिक घोटाळा क्रमांकांचा होतो. आपल्याकडच्या कापडगिरणीत मागाचा क्रमांक आणि ताग्याचा क्रमांक एकाच रकान्यात लिहिले, तर हिशेब जुळणार नाही, हे सोलापूरकरांना समजावून सांगायला नको. ड्रॅगनच्या शिडावरचा क्रमांक देशवार नोंदणीतून येतो, तर बांधणाऱ्या कारखान्याचा अनुक्रमांक त्याच्या स्वतःच्या वहीतला असतो आणि त्यात इतर वर्गांच्या नौकाही मिसळलेल्या असू शकतात. म्हणून शिडावरच्या आकड्यावरून कारखान्याचे उत्पादन मोजू नये. देशाची अक्षरेही बदलली आहेत : ब्रिटनच्या शिडांवर पूर्वी ‘के’ असे, आता ‘जीबीआर’ असते. नौका परदेशी विकली गेली की तिला नवा क्रमांक मिळू शकतो, आणि सावध न राहिल्यास तीच नौका आपल्या यादीत दोनदा मोजली जाते.

यानंतर लॉइड्स या लंडनच्या जहाज-नोंदणी संस्थेची याट नोंदवही उघडावी. तिचे खंड १८७८ पासून १९८० पर्यंत निघाले, त्यांतले काही इंटरनेटवर वाचता येतात, आणि त्यांत नौकेचे नाव, आराखडाकार, बांधणारा, ठिकाण, साल व मालक यांची माहिती मिळते. एकाच खंडावर विसंबू नये. काही वर्षांच्या अंतराने खंड पाहत गेल्यास मालक आणि नाव केव्हा बदलले, हे उलगडते. मला तरी या कामातला सर्वांत आनंदाचा भाग हाच वाटतो.

हात बसण्यासाठी ‘ब्लूबॉटल’चा माग काढून पाहावा. राजकन्या एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांना विवाहानिमित्त भेट मिळालेली ही ड्रॅगन १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवून गेली. विवाह १९४७ चा, नौका मात्र १९४८ मध्ये बांधलेली; त्यामुळे भेटीचे निमित्त, बांधणी आणि नोंदणी यांच्या तारखांसाठी वेगवेगळे रकाने ठेवावेत, आणि प्रत्येक तारखेशेजारी ती कोठून मिळाली हे लिहावे.

एवढी तयारी झाल्यावरच वर्गाच्या राष्ट्रीय संघटनेला ई-मेल लिहावा, आणि त्यात सरसकट यादी न मागता एकाच नौकेचे मोजणी-प्रमाणपत्र, म्हणजे तिची मापे वर्गाच्या नियमांत बसतात याचा दाखला, मागावे.