सेप्टिक टँकचं काम देताना या चुका टाळा

आमच्या डिचोलीकडच्या घरी टाकीचं काम मे महिन्यात झालं. मिरगाआधी उरकायची घाई होती. ठेकेदाराने तीन दिवसांत खड्डा, चिरे, स्लॅब सगळं करून पैसे नेले. चवथीला पाहुण्यांनी घर भरलं आणि न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं.

चूक आमचीच. मेमध्ये कोरडा दिसणारा खड्डा आम्ही कोरडाच धरला. गोव्यात तीन-चार महिने पाऊस कोसळतो, विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं. टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याचा तळ त्या पातळीखाली गेला तर पाणी मुरायचं कुठे? म्हणून जागा ठरवताना ठेकेदाराला आधी विहिरीवर न्या आणि ऑगस्टमध्ये पाणी कुठवर येतं ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. भारतीय मानक आयएस २४७० नुसार शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर तरी लांब हवा. शेजाऱ्याची विहीरही मोजा. आपल्याकडच्या जांभ्या दगडाला भेगा आणि पोकळ्या असतात, त्यातून घाण पाणी न गाळता सरळ पुढे जातं. भाट, म्हणजे घराभोवतीची जागा, लहान असेल तर हे अंतर जमवणं कठीण, पण ते कागदावर काम ठरवण्याआधीच कळलेलं बरं.

दुसरी चूक म्हणजे ‘ही टाकी कधी उपसावी लागणार नाही’ या बोलण्याला भुलणं. असं सांगणारा बहुतेक वेळा तळाला काँक्रीट घालत नाही, चिऱ्यांना आतून गिलावाही करत नाही. टाकी भरत नाही, कारण ती गळते. स्लॅब पडण्याआधी टाकी काठोकाठ भरून एक दिवस ठेवा, पातळी उतरली तर काम परत करायला लावा. शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्या. स्लॅब पडला की आत काय आहे ते कुणाला दिसणार!

आकाराचं गणित साधं आहे. लहान घरालाही आत किमान १००० लीटर पाणी मावायला हवं, रुंदी ७५ सेंटीमीटरपेक्षा कमी नको आणि पाण्याची खोली निदान १ मीटर. छपराचं पाणी टाकीत अजिबात सोडू नका.

बिघाड झाला तर लगेच खोदू नका. एकच संडास तुंबत असेल तर भांड्यात किंवा पाईपात काहीतरी अडकलंय. सगळ्याच जागी पाणी हळू जात असेल तर टाकीचं झाकण लांबून उघडा. पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या वर चढलेलं असेल, तर शोषखड्डा पाणी घेत नाही. शोषखड्ड्यात तरंगती साय दिसली, तर टाकीच्या बाहेरच्या तोंडाला साय आतच अडवणारा टी पाईप (इंग्रजी T च्या आकाराचा) नाही. आमच्याकडे दोन्ही निघालं. टीचे पैसे बिलात होते, टी मात्र नव्हता.

झाकण उघडल्यावर वाकून पाहू नका, आत विडीकाडी तर नकोच. ‘आमचा माणूस उतरेल’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. आतल्या वायूने क्षणात माणूस पडतो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं उतरवण्यावर २०१३ पासून कायद्याने बंदी आहे. मशीनचा टँकर बोलवा आणि मैला कुठे ओतणार ते विचारा. पणजीत टोंका इथे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. ओहोळात ओतणारा स्वस्त पडतो, म्हणून त्याच्याकडेच गर्दी असते.

टँकर दोन-तीन वर्षांनी येणार, तेव्हा पाईप टाकीपर्यंत पोचेल अशी वाट ठेवा. झाकण कुठे आहे त्याचा कागदही ठेवा. आमच्या ठेकेदाराने झाकणावरच टाईल्स घातल्या होत्या, बाबांनी तुळशीजवळचं अर्धं अंगण उकरलं. आता तिथे अबोलीची कुंडी आहे, टँकर आला की तेवढी बाजूला ओढायची.